मुजावर साहेबांचा सामू

मुजावर साहेब आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा ज्या तलावासाठी त्यांना बोलावलं होतं त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बूट काढून भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि मला विचारलं, "एक खुर्ची मिळेल का? टेबल असेल तर उत्तमच."

मी दोन्ही आणून दिलं. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून स्टीलचा चार पुडांचा डबा काढला. मला वाटलं, दापोडीहून दोन बस बदलून आलेत, आधी जेवणार असतील. डबा उघडला तर पहिल्या पुडात काचेच्या नळ्या, दुसऱ्यात थेंबांच्या बाटल्या, तिसऱ्यात घडी केलेला पांढरा पंचा आणि चौथ्यात एक निळी वही. वही उघडून त्यांनी वर तारीख घातली, पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "आता सांगा. पाण्यात आजवर काय काय घातलंत? काही लपवू नका."

डॉक्टरसमोर दारूचं कबूल करताना माणूस जसा इकडेतिकडे बघतो, तसे आण्णा बघायला लागले.

आण्णा म्हणजे माझे सासरे. मोशीतली त्यांची जमीन हळूहळू इमारतींखाली गेली. ज्या विहिरीत ते पोहायला शिकले, ती आता एका बारा मजली इमारतीच्या पार्किंगखाली आहे. राहिलेल्या तुकड्यावर बंगला बांधताना त्यांनी एकच हट्ट धरला, मागे पोहायला पाणी पाहिजे. त्यात आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्यात चाला, गुडघ्यांवर भार येत नाही. मग शहरातल्या कुठल्याशा कंपनीनं येऊन खाऱ्या पाण्याचा तलाव करून दिला. त्यांच्या माणसानं सांगितलं, यात क्लोरीन नाही, फक्त मीठ आहे, काही बघावं लागत नाही. दोन महिन्यांत पाणी मेथीच्या वरणासारखं झालं आणि त्या माणसानं फोन उचलणं बंद केलं. माझा नवरा चाकणला गाड्यांच्या भागांवर मुलामा देणाऱ्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, "आमच्या लॅबचे मुजावर साहेब रिटायर होऊन घरी बसलेत. पाण्याचं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. फक्त ते जरा..." आणि पुढचं त्यानं सांगितलं नाही.

तर आण्णांनी कबुलीजबाब दिला. आधी कंपनीनं सांगितलेलं मीठ. पाणी हिरवं दिसल्यावर आणखी मीठ. मग तुरटी. मग पुन्हा मीठ, ह्या वेळी जास्त.

"एवढं मीठ कशासाठी?" मुजावर साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं.

"मिठात किडं पडत न्हाईत. लोनच्याला इचारा," आण्णा म्हणाले.

"लोणच्यात कोणी पोहत नाही, आण्णा."

मग ते उठले, तलावापाशी गेले, कोपरापर्यंत हात बुडवून खालचं पाणी बाटलीत घेतलं. वरवरचं पाणी घ्यायचं नाही, ते खोटं बोलतं, हे त्यांनी मला तेव्हाच सांगून ठेवलं. नळीत थेंब टाकले, रंग बघितला, वहीत आकडा लिहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "सामू फार वाढलाय."

"कोन सामू?" आण्णांनी विचारलं. "आमच्या भावकीतला सामू? तो वाढायचाच. बसून खातोय."

मुजावर साहेब हसले नाहीत. मिरजेजवळच्या खेड्यात ते मराठी शाळेत विज्ञान शिकले होते, आणि तिथे शिकवलेला एकही शब्द त्यांनी पुढे चाळीस वर्षांच्या नोकरीत सोडला नव्हता. सगळं जग पीएच म्हणतं, ते सामू म्हणत. अॅसिडला आम्ल, सोल्युशनला द्रावण. मी आकुर्डीच्या कॉलेजात मराठी शिकवते, तरी त्यांच्या दोन-तीन शब्दांसाठी मला कोश काढावा लागला. घरी बायकोशी, म्हणजे आमच्या भाभींशी, ते दखनी बोलत, आमच्याशी असं पुस्तकी मराठी. आण्णांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भेटलं होतं ज्याच्याशी बोलताना त्यांची ग्रामीण बोली अधिकच ग्रामीण व्हायची. मला वाटतं ते मुद्दाम करायचे.

त्या दिवशी निदान असं झालं: बोअरचं पाणी जड, त्यामुळे मिठातून क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यांवर चुन्याचा थर बसलेला. क्लोरीन तयारच होत नव्हता. त्यात मीठ इतकं झालं होतं की यंत्रानं लाल दिवा लावून काम थांबवलं होतं.

"म्हंजे ह्यात क्लोरीन हाय?" आण्णा दुखावले. "तो तर म्हनला व्हता न्हाई."

"मिठातूनच होतो तो. मीठ हा कच्चा माल आहे. तुम्ही पिठाच्या गोणीवर गोणी आणून ओतल्या, पण तवा गंजलेला होता."

निम्मं पाणी काढून टाकायचं ठरलं. आण्णांनी लगेच पाइप पेरूच्या झाडांकडे वळवला. मुजावर साहेब पँट सावरत धावले आणि पाइपच्या तोंडावर चक्क हात ठेवून उभे राहिले. खारं पाणी जमिनीत गेलं तर पेरू मरेल, हे शेतकऱ्याला एका लॅबवाल्यानं सांगितलं, ह्याचा राग आण्णांच्या मनात पुढे बरेच दिवस होता. पेरू मात्र जगला.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी साडेनऊला ते येऊ लागले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात पॉलिश केलेले काळे बूट. पाण्याच्या कामाला येणाऱ्या माणसाच्या अंगावर एवढे कोरडे कपडे मी कधी पाहिले नव्हते. ठरलेला क्रम होता. आधी काचेच्या नळ्या त्याच पाण्यानं तीनदा धुवायच्या. मग सामू, मग क्लोरीन, मग मीठ. मग वही. वही पूर्ण होईपर्यंत ते चहालाही हात लावत नसत. चहा निवायचा. निवलेला चहा ते शांतपणे पिऊन टाकत, आणि आई दर वेळी म्हणत, "पुन्हा गरम करून देते की." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "राहू द्या वहिनी, चूक चहाची नाही."

आम्ल घालायचा दिवस म्हणजे सोहळा. खाऱ्या पाण्याच्या तलावात सामू सारखा वर चढतो, तो खाली आणायला आठवड्याला थोडं आम्ल लागतं. त्या दिवशी ते सगळ्यांना, मांजरालाही, पायरीच्या मागे उभं करत. बादलीत आधी पाणी घेत. मग हातमोजे घालून मोठ्यानं म्हणत, "आम्ल पाण्यात. पाणी आम्लात कधीच नाही." कुणी विचारलेलं नसे, तरी म्हणत. त्यांच्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. तरुणपणी कारखान्यात कुणीतरी घाईत उलटं केलं होतं, आणि हे शेजारी उभे होते. हे मला नवऱ्यानं सांगितलं, त्यांनी नाही. आण्णा पुढे पुढे हे वाक्य आमटीत मीठ घालतानाही म्हणायला लागले.

आणि मोजायचा नाद असा की घरातली एक वस्तू सुटली नाही. ताक मोजलं, कोकम सरबत मोजलं, बंबातलं पाणी मोजलं. एकदा आईंनी सत्यनारायणाचं तीर्थ दिलं, तर ते हात पुढे करून थांबले आणि खिशातल्या सामू मोजायच्या कागदी पट्टीकडे त्यांची बोटं गेली. मग स्वतःच ओशाळून तीर्थ पिऊन टाकलं. त्यांचं एकच म्हणणं होतं, "आधी मोजा, मग बोला." आण्णांनी कुठल्याही गोष्टीवर मत दिलं, पावसावर, निवडणुकीवर, मोशीच्या रस्त्यावर, की ते विचारत, "मोजलंत का?"

आईंना मात्र ते आवडायचे. आयुष्यभर नऊवारी नेसलेल्या आईंनी त्या पाण्यासाठी पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता, गडद हिरवा. त्यावर ओढणी पदरासारखी घेऊन त्या कठड्याला धरून पाण्यात चालत. मुजावर साहेब आले की त्या बाहेर येऊन पायरीवर बसत आणि त्यांचं काम बघत. तीन महिन्यांत त्यांची काठी घरात कुठेतरी राहायला लागली. आणायला मीच जायची, पण त्या मागायच्या नाहीत.

मग तो मे महिना आला.

आण्णांच्या बहिणीचं सगळं कुटुंब सुट्टीला यायचं होतं, भावकीतलेही येणार होते, सामूसुद्धा. आण्णांनी महिनाभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पुन्हा आपली विहीर झालीय, या पोहायला. उन्हाळा कडक होता. उन्हानं क्लोरीन उडून जातो, म्हणून मुजावर साहेबांनी यंत्राचा आकडा वाढवला, वरून द्रवरूप क्लोरीनही घातला. पुढच्या खेपेला मोजलं तर शून्य. पुन्हा वाढवलं. पुन्हा शून्य. आईंचे डोळे चुरचुरायला लागले, दंडावर लाल चट्टे उठले. मुजावर साहेब म्हणाले, "डोळे चुरचुरतात ते क्लोरीन कमी पडल्यावर. लोकांना उलटं वाटतं." आणि आणखी वाढवलं.

पाहुणे आले त्या शनिवारी सकाळी त्यांनी पुन्हा मोजलं. नळीत थेंब टाकले, झाकण लावून हलवली, मग शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर लावला आणि नळी उजेडात धरली. क्लोरीन असता तर गुलाबी झालं असतं; पाणी स्वच्छ, बिनरंगी.

"शून्य," ते म्हणाले.

पायरीवर बसलेल्या आई म्हणाल्या, "साहेब, आत्ता गुलाबी झालं व्हतं की. तुम्ही चष्मा पुसत व्हता तवा."

"भास असेल, वहिनी. उजेडामुळे होतं."

मग त्यांनी दोरी मागितली, तलावाभोवती बांधली आणि पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहून लावलं, 'आज पाणी बंद आहे.'

आण्णा बाहेर आले. मागे पंधरा-वीस माणसं, कुणी टॉवेल घेऊन, कुणी चड्डीवर.

"साहेब, माझ्याच घरात, माझ्याच पान्यात उतरायला मला बंदी?"

"पाणी तुमचं आहे, आण्णा. जबाबदारी माझी आहे. ह्या पाण्यात जंतू मारायला काही उरलेलं नाही. लहान मुलं आहेत."

"निळंशार दिसतंय की."

"दिसणं म्हणजे मोजणं नव्हे."

सगळी भावकी तलावाभोवती खुर्च्या टाकून बसली आणि मटण-भाकरी खाल्ली, बंद देवळाबाहेर दार उघडायची वाट बघत बसावं तशी. संध्याकाळी जाताना सामू म्हणाला, "आण्णा, इहीर झ्याक हाय. पुढच्या वेळी पानी पन सोडा." त्या दिवशी मुजावर साहेबांना फाटकापर्यंत पोचवायला कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातलाच फाटक वाजलं. मुजावर साहेब होते. दाढी केलेली नव्हती. त्यांना तसं मी पहिल्यांदाच बघत होते. आत आले आणि थेट आईंकडे गेले.

"वहिनी, जरा येता का? मी नळी हलवतो. तुम्ही बघा. मी बघणार नाही."

आई पायरीवर बसल्या. साहेबांनी थेंब टाकले, नळी हलवली.

"गुलाबी," आई म्हणाल्या. "चांगलं गडद. आता फिक्कं. आता ग्येलं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग माझ्याकडे प्यायचं पाणी मागितलं. तलावाचा एक भाग, प्यायच्या पाण्याचे नऊ, असं मिसळून पुन्हा थेंब टाकले. नळी डाळिंबी झाली आणि तशीच राहिली.

क्लोरीन शून्य नव्हता. इतका जास्त होता की थेंबांचा रंगच जाळून टाकत होता. रंग यायचा आणि पुसला जायचा, आणि जेवढ्यात पुसला जायचा तेवढ्यातच साहेब चष्मा लावत होते. आईंचा हिरवा ड्रेस दोरीवर वाळत होता, तो गेल्या आठवड्यात पिवळट पडलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. रंग कच्चा निघाला म्हणून आम्ही दुकानदाराला नावं ठेवली होती.

त्यांनी यंत्र बंद केलं. तलावाच्या कडेला उभं राहून आण्णांना, मला, नवऱ्याला, सगळ्यांना बोलावून सांगितलं, "चूक माझी आहे. वहिनींच्या अंगावर चट्टे आहेत ते माझ्यामुळे. त्यांना दिसलं, त्यांनी सांगितलं, आणि मी भास म्हणालो. चार दिवस कोणी उतरू नका, उन्हानं आपोआप खाली येईल." मग वहीत ते लिहिलं. मी नंतर वाचलं, 'निरीक्षकाची चूक' असे दोनच शब्द होते.

आण्णांना खरं तर किती बोलता आलं असतं. ते म्हणाले, "असू द्या साहेब. चुकून का हुईना, बंद क्येलं ते बराबरच झालं. पोरं उतरली असती तर?"

"चुकून बरोबर येणं म्हणजे बरोबर नव्हे," मुजावर साहेब म्हणाले, वही टेबलावर ठेवली आणि निघून गेले. स्टीलचा डबाही नेला नाही.

मंगळवारी आले नाहीत. शनिवारीही नाही. नवऱ्यानं फोन केला तर म्हणाले, "ज्याला समोरचा रंग दिसत नाही त्यानं नळीला हात लावू नये. दुसरा माणूस बघा." आण्णा दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. पाणी चांगलं निळं होतं, पण आण्णा उतरले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मोजलेलं न्हाई."

दुसऱ्या शनिवारी आई मला म्हणाल्या, "दापोडीला न्ये मला." मी गाडी काढली. साहेबांचं घर रेल्वेलाइनच्या बाजूच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जिना लोखंडी, अरुंद आणि शिडीसारखा उभा. मी म्हटलं, आई, तुम्ही गाडीत बसा, मी बोलावून आणते. त्यांनी ऐकलं नाही. एका हातात स्टीलचा डबा, दुसरा कठड्यावर. एकेक पायरी, मध्ये दोनदा थांबून. मी मागे हात पसरून उभी होते. एक गाडी धडधडत गेली तेव्हा जिना हलला, त्याही थांबल्या, आणि मग पुन्हा चढल्या.

आवाज ऐकून साहेब दारात आले. लुंगीवर होते, अंगात बनियन. आईंना बघून आत पळाले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले, लुंगीवरच. भाभींनी हसू दाबत खुर्ची पुढे केली.

"वहिनी, तुम्ही हा जिना चढलात?"

"चढले," आई दम खात म्हणाल्या. "तुमच्या पान्यानं चढले. साल झालं, घरातला उंबरा वलांडताना मी सुनंचा हात धरत व्हते. आता तुम्ही येनार का मी दर मंगळवारी चढून येऊ?"

साहेब खाली बघत म्हणाले, "माझे डोळे राहिले नाहीत आता."

"माजं हायेत की. तुमी हलवा, मी रंग सांगते."

भाभी आतून म्हणाल्या, "जाव जी. आठ दिन से मेरे मटके का पानी नाप रहे है."

मंगळवारी साडेनऊला ते आले. आता टेबलापाशी दोन खुर्च्या लागल्या. साहेब नळी हलवायचे, आई रंग सांगायच्या, आणि साहेब चष्मा लावून खात्री करायचे. आईंच्या रंगांना नावं वेगळी होती. 'कोवळ्या बोरासारखा' म्हणजे किती आणि 'जांभळाची साल' म्हणजे किती, हे साहेबांनी वहीच्या शेवटच्या पानावर कोष्टक करून लिहिलं. सातवी शिकलेल्या आई दिवाळीपर्यंत स्वतः सामू मोजायला लागल्या. साहेब मग खुर्चीत बसून आण्णांशी भांडायला मोकळे झाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळे सुधारले, तरी आईंची खुर्ची त्यांनी हलू दिली नाही.

दोन वर्षं असं चाललं. मग मुलीनं त्यांना मिरजेला बोलावून घेतलं. तिथून त्यांचा शनिवारी फोन यायचा, आई आकडे वाचून दाखवायच्या, आणि ते पलीकडून 'उत्तम' किंवा 'जरा आम्ल घाला' एवढंच म्हणायचे. गेल्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी फोन भाभींनी केला. आईंनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसल्या.

मुजावर साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते मिरजेला जायच्या आदल्या मंगळवारी. ते बसनं जातो म्हणत होते आणि आण्णा ऐकत नव्हते. शेवटी आण्णांनी आपली जुनी स्कूटर काढली. साहेब मागे बसले, ताठ, मांडीवर आईंनी दिलेली तांदळाची पिशवी, डोक्यावर नवऱ्याचं मोठं हेल्मेट. आण्णांनी डावीकडचा दिवा चालू केला आणि स्कूटर फाटकातून उजवीकडे वळवली.

"आण्णा, डावा दिवा लागलाय," मागून साहेबांचा आवाज आला.

"आसू द्या. पुढं डावीकडंच जायाचंय."

"अजून बरंच अंतर आहे."

"मोजलं का?"

साहेबांनी काही उत्तर दिलं असावं, कारण कोपऱ्यापर्यंत त्यांचा एक हात वर होता आणि बोट कशाकडे तरी दाखवत होतं. मग एक ट्रक मध्ये आला. तो गेल्यावर रस्ता रिकामा होता.